टॅब घ्यावा की नाही: झेरॉक्सवाल्याचं मत

औंढा नागनाथ
गुरुवार, दुकानातून

प्रिय बुद्धभूषण,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. तुझी कंबर कशी आहे? बसून काम करणाऱ्याची कंबर आणि उभ्यानं काम करणाऱ्याचे पाय एकाच वयात बोलायला लागतात, तेव्हा सांभाळ. शिलाची तब्येत चांगली आहे. निदान ती तसं सांगते. (तुझीच बहीण. खरं काय ते मला शेजाऱ्यांकडून कळतं.)

तू फोनवर विचारलंस की आमच्या आकांक्षाला फार्मसीला प्रवेश मिळाला म्हणून पेनानं लिहायचा टॅब द्यायचा विचार आहे, पण पोरगी नको म्हणते, तर दाजी, ही वस्तू शिकणाऱ्या लेकरांच्या कामाची आहे का ते कळवा. आता हे तू अख्ख्या औंढ्यात झेरॉक्सच्या दुकानदाराला विचारलंस. टांगेवाल्याला एसटीबद्दल मत विचारावं, तसं झालं. तरी मी न्यायानं वागायचं ठरवलं, आणि तिथूनच माझी झोप आणि बैठक दोन्ही बिघडली. हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतोय. पहिलं काउंटरवर उभ्यानं लिहिलं, दुसरं बसस्टँडच्या बाकावर (तिथे एका भाविकानं मला चौकशी खिडकी समजून परभणीची गाडी विचारली), आणि आता परत दुकानात आलोय. सोमवारपासून एका जागी बूड टेकत नाही.

झालं असं की आकांक्षाची वर्गमैत्रीण मधुवंती हट्टा गावी लग्नाला गेली आणि जाताना आपला टॅब चार दिवस आमच्याकडे ठेवून गेली. वस्तू वापरल्याशिवाय मत देऊ नये म्हणून मी तो दुकानात आणला. तुला माहीतच आहे, मी लोकांचे अर्ज हातानं लिहून देतो आणि माझ्या अक्षरासाठी शिरड शहापूरहून माणसं येतात. (त्यांना आधार कार्डाची झेरॉक्सही पाहिजे असते, पण ते राहू दे.) त्या काचेवर मात्र माझं अक्षर तेल लावलेल्या पोळपाटावर लिहिल्यासारखं घसरलं. हात टेकवला की पान उलटायचं. हात उचलून धरला की खांदा भरून यायचा. तासाभरात पेन बंद पडलं. पेनालाही चार्जिंग लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ ते झटकून, फुंकून, कागदावर घासून पाहिलं.

मग आकांक्षानं दाखवलं की हातानं लिहिलेलं तो टॅब आपोआप छापील करतो. मला ते फारच पसंत पडलं आणि तिथेच माती खाल्ली. जवळच्या वाडीवरच्या मंजुळाबाई अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या दारासमोरचा हातपंप तीन महिन्यांपासून नादुरुस्त. मी झोकात लिहिलं, छापील केलं, प्रिंट काढली आणि घाईत न वाचताच त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा उठवून ती पंचायतीत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात आरोग्यसेविका हजर! टॅबनं हातपंपाचे हातपाय केले होते. 'माझे दारासमोरील हातपाय तीन महिन्यांपासून नादुरुस्त असून वारंवार तक्रार करूनही कोणी हलवून पाहिले नाही,' असा तो अर्ज झाला होता. त्या सेविकेनं बिचारीनं खरंच हलवून पाहिले. मंजुळाबाई दुपारी दुकानात आल्या तेव्हा मी कपाटामागे काहीतरी शोधत होतो. (काही हरवलं नव्हतं.) पण बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पंप न्हाई आला पण गुडघ्याच्या गोळ्या आल्या, आता पंपाचं तेवढं हातानं लिहून द्या. मी लिहून दिलं आणि तीनदा वाचलं.

इथपर्यंत टॅब नकोच, हे माझं मत पक्कं होतं. मोडलं ते मंगळवारी. आकांक्षा मला मधुवंतीच्या नोट्स दाखवत होती. कसं रंगानं खूण करता येते, कसं एखादं चित्र मोठं करता येतं, असं चाललं होतं. त्यात वहीच्या पानांचे फोटोही होते. एका पानाच्या कोपऱ्यात मला चहाचा डाग दिसला. तो डाग माझ्या ओळखीचा. पंधरा दिवसांपूर्वी आकांक्षानं तेच पान माझ्याकडून झेरॉक्स करून नेलं होतं. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही. मी विचारलं, हे फोटो तुझ्याकडे मोबाइलवर होतेच ना? ती हो म्हणाली. मग दर दोन दिवसांनी मैत्रिणींच्या वह्या गोळा करून माझ्याकडे काहून आणत होतीस? तिनं आधी विषय बदलला. मी हटलो नाही तेव्हा म्हणाली,

"पप्पा, समद्या पोरी आता मोबाइलवरच नोट्स घेऊन राहिल्या. दुकानात कोणी आलं न्हाई की तुमी शटरपाशी उभे राहता. मला बसमधून दिसते."

"मंग मामाला टॅब नको काहून म्हणलीस?"

"टॅब आला तर मी बी येणार न्हाई ना दुकानात."

बुद्धभूषण, मी मशीनची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती. माझ्या दुकानातली सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक माझीच लेक होती, आणि मी बायकोजवळ कॉलेज सुरू झाल्यावर धंद्याला जोर आल्याची फुशारकी मारत होतो. (शिलानं तेव्हा न मागता आणखी एक भाकर वाढली. म्हणजे तिला माहीत होतं.)

त्यानंतर मी दुकानात बसून तिला अभ्यास करताना नुसतं पाहिलं. ती टॅबवर औषधांच्या रचना काढत होती, सहा कोनांच्या, एकाला एक चिकटलेल्या. चुकलं की पुसायची, पुन्हा काढायची. वहीत चूक झाली की ही पोरगी पान फाडते आणि रुसते. इथे अकरा वेळा चुकली, मी मोजलं, आणि एकदाही रुसली नाही.

तरीपण तू मत विचारलंस म्हणून नीट सांगतो. परीक्षा कागदावरच असते. तीन तास खरं पेन चालवायची हाताची सवय मोडली तर टॅब काही पेपर लिहायला येत नाही. त्यात सिनेमे दिसतात. बसच्या गर्दीत काच फुटू शकते. अक्षर बिघडतं, ते तर मी स्वतः अनुभवलं. वही पडली तर उचलता येते. सबब माझं स्पष्ट मत असं की घेऊ नये. आशीर्वाद द्यावा, तेवढा पुरे.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना पापा. कंबर शेकत जा.

तुझा दाजी,
रामजी

ता. क. शिलानं पत्र वाचलं. ती म्हणते, घेऊ नये म्हणणारा परिच्छेद खोडा. मी खाडाखोड करत नाही, पण तू तो वाचू नको.

ता. क. २. टॅब माझ्या नावानं पाठव. दाजींनी दुकानासाठी मागवला, असं आकांक्षाला सांग. चार दिवसांनी मला जमत नाही म्हणून मी तो तिच्यापुढे सरकवीन. तिला वह्या गोळा करत फिरायला लागू नये, एवढंच. मी काय, शटरपाशी स्टूल घेऊन बसेन.

ता. क. ३. घेताना पेन सोबत येतं की वेगळं घ्यावं लागतं, ते विचार. कंपनीवाले सांगत नाहीत. आणि पेनं दोन मिळत असली तर बघ, एक चार्जिंगला राहील.