वजनं चालत बाहेर आली

तीर्थरूप मामा,

मनातल्या मनात साष्टांग नमस्कार (प्रत्यक्ष घालायला माझ्या खोलीत माणूस आडवा होईल एवढी जागा नाही). मी बरा आहे. मामीचा गुडघा काय म्हणतो, थोरल्या मावशीची कवळी बसली का, ताईच्या सासरची मंडळी अजून तोंड फुगवून आहेत का, सगळं सविस्तर कळवा. मामी फोनवर म्हणाली की तुम्ही गोड सोडलंत, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलंत आणि सकाळी उठून चालायला जाता. ऐकून मी कपाळावर हातच मारला. का, ते शेवटी लिहितो. आधी मी जे पाहून आलो ते सांगू द्या, कारण मी अजून पुरता भानावर आलेलो नाही.

नव्या इस्पितळात आमच्या कंपनीने बसवलेली लिफ्ट तुम्हाला आठवत असेलच. न आठवायला काय झालं, तुम्ही सगळे तिच्यात कोंबले गेला होतात. चाचणीसाठी लोखंडी वजनं यायची होती ती आली नाहीत, साहेब माझ्या डोक्यावर बसले होते, आणि नेमके तेव्हाच तुम्ही लग्नाची खरेदी आटपून, जेवूनखाऊन, मला भेटायला आलात. साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं (म्हणजे मुख्यतः तुमच्या पोटाकडे) आणि त्यांचे डोळे चमकले. मी एकेकाला वजन विचारून बेरीज केली. ती चाचणीला लागणाऱ्या भारापेक्षा जरा कमी भरली, पण साहेब म्हणाले, चालतंय, वजन कोण खरं सांगतं? मग लिफ्ट वर नेली, खाली आणली, मध्येच थांबवली, मावशीने आतून सगळ्या देवांना हाका मारल्या, आणि चाचणी पार पडली. पुढे साहेबांनी मूळचा दोर काढून कुठला तरी स्वस्तातला बसवला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत एक नर्स होती आणि खाटेवरचे एक आजोबा. दोघंही सुखरूप निघाले, पण बोभाटा झाला आणि प्रकरण थेट संसदेच्या चौकशी समितीपुढे गेलं. साहेबांबरोबर मलाही बोलावणं आलं.

आता साहेब म्हणजे काय चीज आहे हे तुम्ही पाहिलंय. ते खोकले तरी आमच्याकडे लोक उभे राहतात (एकदा त्यांना खरंच खोकला झाला होता, तेव्हा आठवडाभर कुणी बसलंच नाही). ते समितीच्या खोलीत शिरले ते जावई जेवायला आल्यासारखे. अर्धगोल टेबल, प्रत्येकासमोर माइक, पाण्याच्या पेल्यावर झाकणी. मधोमध अध्यक्षबाई. मी मोठं काहीतरी मनात धरून गेलो होतो, आणि बाई निघाल्या एवढ्याशा, सर्दीने बेजार, गालात खोकल्याची गोळी. साहेबांनी खरं बोलण्याची शपथ धोब्याची पावती वाचावी तशी वाचली आणि सुरू झाले. चाचणी लोखंडी वजनांनीच झाली, त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. दोर? दोर पहिल्या दिवसापासून तोच. बाई फक्त हं म्हणत होत्या. मामा, समोरचा नुसता हं म्हणत राहिला की खोटं बोलणाऱ्याला चेव चढतो. साहेबांनी त्या वजनांना निळा रंग दिला, कड्या बसवल्या, वाहून आणायला हमाल नेमले. मी शेजारी बसून घामाने भिजलो होतो. शेवटी बाईंनी नाक पुसलं आणि सहज, अगदी सहज विचारलं की चाचणी झाल्यावर ती वजनं लिफ्टच्या बाहेर कशी आली.

"चालत," साहेब म्हणाले.

साहेबांच्या डोळ्यांसमोर तुम्ही सगळे पिशव्या सावरत, कुरकुरत बाहेर पडताना उभे राहिले असणार, दुसरं काय. त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता बाई कडाडतील. त्या कडाडल्या नाहीत, त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाल्या, "इथे आमच्याशी खोटं बोललात म्हणजे त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाशी बोललात." मग त्यांनी शांतपणे समजावलं की ही समिती सभागृहाची, तिची दिशाभूल ती सभागृहाची दिशाभूल, हा हक्कभंग, आणि आता साहेबांना भर सभागृहात उभं राहून जाब द्यावा लागेल. आणि साहेब, कुणी न सांगता, उभे राहिले. आमचे साहेब! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणीही आलं. आपण आयुष्यभर धरून चालतो की मोठ्यांना विचारणारं कुणी नसतं. असतं, मामा. सर्दी झालेली असते, पण असतं.

मग माझी पाळी आली. मी शपथ शब्द न् शब्द वाचली. लिफ्टमध्ये कोण होतं विचारल्यावर मी सांगितलं, माझे नातेवाईक. कुणीही हसलं नाही. सगळं सांगून टाकलं, दोराचंही, आणि बाहेर आल्यावर इतकं हलकं वाटलं की लिफ्ट सोडून जिन्याने उतरलो (लिफ्ट आमच्याच कंपनीची होती, हेही एक कारण).

मामीला आणि ताईला नमस्कार. वडीलधाऱ्यांपुढे जास्त काय बोलू?

तुमचा,
एरवी न ऐकणारा भाचा

ता. क. तुम्ही त्या दिवशी सांगितलेल्या वजनांची बेरीज बाईंनीही केली. कमीच भरते. ती खरी धरली तर चाचणी अपुरी, दोष माझा, आणि साहेबांच्या शेजारी जाब द्यायला मी. पण खरी वजनं जास्त असतील, तर चाचणी चोख आणि दोष दोराचा. म्हणून समितीने तुम्हा सगळ्यांना साक्षीला बोलावायचं ठरवलंय. बाईंनी वजनकाटाही मागवलाय. तेव्हा मामा, पाया पडतो, चालायला जाणं आजपासून बंद. गोड सुरू करा.

ता. क. २. कामकाज घरोघरी थेट दिसतं, हे मामीला आधी सांगू नका. तिचा आकडा सर्वांत जास्त चुकलाय.

ता. क. ३. मीही लिफ्टमध्ये होतोच. मी माझं वजन सांगितलं, बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फक्त हं म्हणाल्या. मी लगेच खरं सांगितलं.