साईडकारच्या चाकाचा नट

सोलापूर, ८ डिसेंबर २०२४

ती. शिवप्पाकाकांस राजेश्वरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. वर्कशॉपातल्या घणांनी तुमचे कान नेले, फोनवर बोलणं होत नाही, पण त्यामुळे आपल्या दारात अजून पोस्टमन येतो, असं अव्वा म्हणते. ती बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते.

आज एका कामासाठी लिहिते आहे. अप्पांची स्कूटर पुन्हा सुरू केली. इंजिन लगेच बोललं, पण साईडकारचा टायर पार फाटलाय. तो बदलायचा तर चाक काढायला हवं, आणि चाकाचा एक नट काही केल्या सुटत नाही. बाकीचे सुटले. गॅरेजवाला चनमल्लप्पा पान्यावर चढून उभा राहिला, तरी हा ढिम्म. शेवटी तो म्हणाला, छिन्नीनं तोडून टाकू. अव्वानं त्याला तिथूनच वाटेला लावलं. त्यांच्या हातानं आवळलेला नट हाय, कुणी छिन्नी लावायची न्हाय, म्हणाली.

तुम्हाला माहीतच आहे, अप्पा गेल्यापासून ती सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलेली नाही. देवाच्या लग्नाच्या अक्षतांना दर साली साईडकारमध्ये बसून जायची. रिक्षाचं नाव काढलं की, घरनंच हात जोडते, म्हणते. यंदा मात्र आपणहून बोलली, गाडी निघाली तर येते. काका, ‘येते’ हा शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकला. म्हणून हा नट सुटायला हवा, आणि न तोडता.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर दुप्पट होईल.

तुमची,
राजेश्वरी


कुर्डुवाडी, १३ डिसेंबर

चि. राजेश्वरीस शिवप्पाकाकाचे अनेक आशीर्वाद.

चनमल्लप्पाला सांग, पान्यावर माणूस चढवायचा नसतो. कडा झिजल्या की पाना नुसता फिरतो आणि नट तिथंच राहतो. आधी तारेच्या ब्रशनं गंज काढ. मग डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून रोज चार थेंब मुरव. हातोडीनं चहूबाजूंनी हलकं ठोक, रागानं नको. नंतर नटावर घट्ट बसणारा पाना लाव आणि आधी किंचित आवळायच्या बाजूला ने. घाबरू नकोस. गंजाची पकड एकदा मोडली की तो उलटाही फिरतो.

मला एक कोडं मात्र पडलंय. गाडी इतकी वर्षं ओसरीत, पाऊस लागत नाही. मग एकच नट एवढा कसा गंजला? नीट बघून लिही. काकूला शेंगाचटणी आठवते आहे, हेही लक्षात ठेव आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

शिवप्पा


सोलापूर, २२ डिसेंबर

ती. काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

चटणीचा डबा वेगळा पाठवला आहे. काकूंच्या हाती लागेपर्यंत तुम्ही उघडू नये.

ब्रशनं घासलं तर गंजाच्या आत हळदकुंकवाचा थर निघाला. खंडेनवमीला अव्वा गाडीची पूजा करते ना, ती याच नटाला बोट लावते, इथंच नारळ फोडते आणि पाणीही त्यावरच ओतते. गाडीची दुसरी बाजू भिंतीला लागलेली, तिथं तिचा हात पोचत नाही.

डिझेलचा वास तिला सहन होत नाही. पण तेल म्हटल्यावर कबूल झाली. यात्रेच्या पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेल घालत्यात की, तसं घालते, म्हणाली. आता दिवेलागणीला पळीनं तीच घालते. पण मी पाना लावला की माझा हात धरते. आज नको, उद्या लाव. रोज हेच. काल मी चिडले तेव्हा हळूच म्हणाली, ह्यो सुटला की त्यांचा हात सुटल्यावानी वाटंल गं.

मी पाना ठेवून दिला. तुम्हीच काही सुचवा. तुमच्या लोभावरच हे घर आपले हट्ट चालवतं.

तुमची,
राजेश्वरी


कुर्डुवाडी, २८ डिसेंबर

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

कोडं सुटलं. नारळाच्या पाण्यात खार असतो. दर साली तेच पाणी त्याच नटावर, मग तो गंजणार नाही तर काय? दादानं, तुझ्या अप्पानं, तो एवढा आवळलेलाच नव्हता. तो कधीच तसं आवळत नसे. वाटेत पंक्चर झालं आणि मी चक्कर येऊन पडलो, तर चंद्रव्वाला सुटला पाहिजे, असं वहिनींकडे बघून म्हणायचा. मी त्यावर त्याची फार चेष्टा केली आहे. नट जाम झालाय तो वहिनींच्या पूजेनं.

मात्र हे त्यांना सांगू नकोस, मनाला लागेल. चटणी पोचली, निम्मी संपली. तुम्हा दोघींची आठवण मात्र संपत नाही.

शिवप्पा


सोलापूर, १५ जानेवारी २०२५

ती. काकांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

‘सांगू नकोस’ हे तुम्ही शेवटी लिहिलंत. आधी लिहायचं की हो! मी नेहमीसारखं चहाच्या वेळी मोठ्यानं वाचत होते.

अव्वानं कप खाली ठेवला आणि ओसरीत जाऊन चाकासमोर बसली. नटावरून बोट फिरवत राहिली. मला तुमचा राग आला, मग माझाच आला. मग तिनं आतल्या दाराकडे बघून मला हाक मारली. म्हणजे ह्ये त्यांचं आवळणं न्हवं, माझंच हाय की, म्हणाली, आण तो पाना.

तिनं पाना धरला, मी तिच्या हातावर हात ठेवला. आधी आवळायच्या बाजूला, तुम्ही सांगितलंत तसं. कट् असा बारीक आवाज झाला आणि नट फिरला. मला वाटलं, आता रडेल. तिनं तो पदरानं पुसला, आतले आटे बघितले आणि म्हणाली, लई नारळपाणी पिलास रं मेल्या.

टायर बदलला. परवा भोगीला अक्षतांना गेलो. गर्दीच्या बऱ्याच अलीकडे गाडी लावावी लागली. तिथून ती माझा हात धरून चालली, गुडघ्यांची तक्रार न करता. सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या आणि चार दाणे मुठीत ठेवून घरी आणले. ते तिनं साईडकारच्या सीटवर ठेवलेत.

पुढच्या खंडेनवमीला नारळ पायरीवर फुटेल आणि चाकाला तेलाचं बोट लागेल, असं तिनं जाहीर केलं आहे. मागची सीट रिकामी गेली, ती पुढच्या साली तुमची.

टायर बदलला तेव्हा नवा नट मला बसवू दिला नाही. शेवटचा फेरा तिनंच आवळला, हातानं हलवून बघितला आणि मला लिहायला सांगितलं आहे: भावजींना कळव, तुझ्या अप्पांसारखाच आवळलाय, मला सुटंल एवढा.

तुमची,
राजेश्वरी