पांढऱ्या निशाणावरचा गुलाबी डाग

आदरणीय दादासाहेब यांस,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कुरकुरत नसेल आणि वहिनी तुमच्यावर पूर्वीइतक्याच ओरडत असतील, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. फक्त शहरात बंडाळी माजली आहे, चौकात घोडदळ उभं आहे, शेजारचे परीटकाका कोठडीत आहेत, आणि तुमची बहीण व मी गुप्तहेर झालो आहोत!

झालं असं, की तुम्ही आमच्याकडून निघालात त्याच सकाळी सरकारी कचेरीवर पांढरं निशाण चढलं, आणि उलगडलं तर मधोमध परातीएवढा गुलाबी डाग! (मोर्चेवाल्यांचा झेंडा लाल, हे तुम्ही जाणताच.) खाली जमलेल्या मोर्चेवाल्यांना वाटलं, निम्मं सरकार आपल्याला येऊन मिळालं, त्यांनी टोप्या उडवल्या. मोठ्या साहेबांना वाटलं, बंड कचेरीत शिरलं. त्यांनी घोडेस्वार सोडले. निशाण धुतलं होतं परीटकाकांनी, तेव्हा फौजदाराने त्यांनाच उचललं. येत्या सोमवारी त्यांना बेटावरच्या तुरुंगात धाडणार. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या सदऱ्याचं बटण तोडलं नाही, तो म्हणे राजद्रोही! मला रात्रभर झोप नाही. हिने मात्र कंबर कसली.

माझा पहिला संशय न्हाव्यावर. (तो दाढी करताना सरकारला शिव्या देतो, आणि वस्तरा आपल्या गळ्यावर असल्यामुळे आपल्याला हो म्हणावं लागतं.) त्याचं दुकान समोरच, म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला मी परीटकाकांच्या अंगणातल्या कपड्यांच्या टोपल्यात लपलो. ही नको म्हणत होती. तेवढ्यात छावणीची गाडी आली, टोपलं उचललं, आणि मी थेट शिपायांच्या चड्ड्यांतून बाहेर आलो, तो समोर बंदुका! ही मागोमाग धावत आली आणि हवालदाराला शांतपणे म्हणाली, "अहो, हे आमच्याकडचं आहे, चुकून तुमच्या कपड्यांत आलं." त्याने मला परत केलं. घरी येईपर्यंत ही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यापेक्षा बंदुका बऱ्या होत्या.

मग हिने सूत्रं हाती घेतली. आम्ही रंगारी, रंग कुठला ते सांगू, असं म्हणत थेट फौजदाराच्या टेबलापाशी! निशाणाच्या डागावर हिने लिंबू पिळलं, आणि काय सांगू दादासाहेब, गुलाबी डाग डोळ्यांदेखत पिवळा पडला! मंजिष्ठेचा पक्का लाल असा पळत नाही. हा पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा, स्वस्तातला कच्चा रंग. मोर्चेवाल्यांचे झेंडे तर मंजिष्ठेतच रंगवतो आम्ही. (हे फौजदारासमोर बोलायला नको होतं.) इतक्यात गजांआडून परीटकाका ओरडले, की कचेरीचा शिपाई घाई करत होता म्हणून निशाण ओलंच घडी करून गावी निघालेल्या एका गृहस्थाच्या लाल कपड्यासोबत गाठोड्यात बांधलं होतं. लागला छडा! बंड नाही, कट नाही, नुसता उतरलेला रंग! मी आनंदाने फौजदाराला मिठी मारली. तो म्हणतो, ते लाल कापड आणा, माझ्यासमोर पाण्यात बुडवा, रंग सुटला तर म्हातारा सुटला.

असा कच्चा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा नीच रंगारी कोण, ते हल्ली टपाल उघडून वाचतात म्हणून लिहीत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
बहिणीचा नवरा

ता. क. – तुम्हाला मी प्रेमाने दिलेला, सात पिढ्या रंग न सोडणारा लाल मफलर घेऊन सोमवारच्या आत या. सहज आठवण झाली.

ता. क. २ – तो आता धुऊ नका. मान गुलाबी झाली असेल तर तीही धुऊ नका.

दादा, हे मी लिहितेय. आता कळलंच असेल तुला. फुकटात द्यायचाय म्हणून तुझा मफलर यांनी पतंगाच्या रंगात बुडवला, आणि तुला सांगायची लाज वाटते म्हणून एवढं रामायण. पण फौजदारापुढे स्वतःच म्हणाले, "तो रंगारी मीच, म्हाताऱ्याला सोडा." आज 'आमचा रंग उतरत नाही' ही दुकानावरची पाटीही काढली. काढताना रडले, मी दुसरीकडे पाहिलं. पाटीमागची भिंत अजून कोरी करकरीत आहे, बाकीची पार विटलीय. तीही यांनीच रंगवलेली. तू ये लवकर.