डाव्या स्टिअरिंगच्या लष्करी जीपचे इंडिकेटर आणि सौ. म्हाळसाबाईंचा उजवा हात

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
परिवहन कार्यालय, सोलापूर.

अर्जदार : शंकरप्पा मलकप्पा हत्तुरे, वय ७१, निवृत्त फिटर (रेल्वे वर्कशॉप, कुर्डुवाडी), रा. जुळे सोलापूर.

विषय : सन १९४४ च्या लष्करी जीपला इंडिकेटर बसवूनही तपासणीत नापास झाल्याने फेरतपासणी मिळणेबाबत व अनुषंगिक एका विनंतीबाबत.

संदर्भ : तपासणीचा शेरा, दि. १८ : "दोन इशारे परस्परविरोधी."

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की,

१. सदर जीप महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात अर्जदाराच्या वडिलांनी घेतली व तुरीची पोती मैंदर्गीहून दुधनीच्या बाजारात नेण्यासाठी वापरली. जीपचे स्टिअरिंग डावीकडे आहे. त्यामुळे चालकाचा हात डाव्या बाजूने बाहेर निघतो, उजव्या बाजूने निघत नाही. उजवीकडे वळताना खूण कोणी करायची, याचा विचार लष्कराने केलेला दिसत नाही. तो अर्जदाराच्या पत्नी सौ. म्हाळसाबाई यांनी केला. गेली एकतीस वर्षे त्या उजव्या सीटवर बसतात. अर्जदार "हात" म्हणतो आणि त्या हिरव्या बांगड्यांसकट हात बाहेर काढतात. कित्येकदा अर्जदाराने "हात" म्हणायच्या आधीच हात बाहेर गेलेला असतो आणि अर्जदाराला त्यावरून समजते की आपल्याला वळायचे आहे.

२. या पद्धतीत दोष नव्हते असे अर्जदाराचे म्हणणे नाही. विजापूर रोडवर एका भाजीवालीला वाटले की बाई बोलावतात, म्हणून ती चुक्याच्या भाजीच्या दोन जुड्या घेऊन जीपमागे धावत आली. अनोळखी माणसे उलट हात हलवतात. परंतु अपघात एकही नाही. सात रस्त्याच्या चौकात तर म्हाळसाबाई नेमक्या ज्या रस्त्याला जायचे तिकडेच बोट करतात. ही सोय कोणत्याही दिव्यात नाही.

३. पूर्वी तपासणीच्या वेळी दोरीने वर होणारा पत्र्याचा बाण दाखवला जात असे. तो गंजून पडला. या खेपेस निरीक्षक मॅडमनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारे चालू साधन नियमाने लागतेच. अर्जदाराने म्हाळसाबाईंकडे निर्देश केला. मॅडमनी विचारले, "साधन यांत्रिक की विद्युत?" त्यावर म्हाळसाबाई म्हणाल्या, "मॅडम, मी दोनीबी न्हाय. मी दुधनीची हाय." मॅडमनी कागद तोंडासमोर धरला. त्यांचे खांदे काही काळ हलत होते. शेरा मात्र नियमानुसारच झाला व त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

४. सबब अर्जदाराने इंडिकेटर बसवण्याचे काम हाती घेतले. जीपची बॅटरी सहा व्होल्टची, बाजारातले इंडिकेटर बारा व्होल्टचे. वर्कशॉपमधील जुने सहकारी श्री. अनिलकुमार यांना कुर्डुवाडीहून बोलावले. एकोणीस दिवस लागले. प्रथम डावे बटण दाबल्यास उजवा दिवा लागत असे. ते दुरुस्त केल्यावर उजवे बटण दाबल्यास हॉर्न वाजू लागला. नवव्या दिवशी दोन्ही दिवे बंद राहून वायपर हलला. सदर वायपर अर्जदाराच्या आठवणीत कधीही चालू नव्हता, त्यामुळे त्या दिवशी घरात शिरा झाला. अखेर उजव्या सीटखाली बारा व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवल्यावर चारही दिवे नियमाप्रमाणे लुकलुकू लागले. श्री. अनिलकुमार यांना भरून आले.

५. तथापि म्हाळसाबाईंनी जीपमध्ये बसण्यास नकार दिला. "एन्री, अहो, आता तुमाला बटण हाय की. माजं तितं काय काम?" एवढेच त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला बसल्या. अर्जदार प्रथमच एकटा निघाला. सात रस्त्याला उजवा दिवा लावला. पण उजवीकडे रस्ते अनेक. नको त्या रस्त्याला लागून परत यावे लागले, तेही दोनदा. पुढे दिवा बंद करायचे राहिले. होटगी रोडने जाताना मागची वाहने अर्जदार आता वळेल, मग वळेल म्हणून रांगेने थांबत आली. त्यांतील एक गृहस्थ घरापर्यंत येऊन प्रकृतीची चौकशी करून गेले. पण खरी अडचण निराळी होती. वाटेत अर्जदार तीन वेळा मोठ्याने "हात" म्हणाला आणि शेजारची सीट रिकामी होती. अर्जदाराला पुढचे काही अंतर चष्मा पुसत जावे लागले.

६. दि. १८ रोजी फेरतपासणीस म्हाळसाबाई विनवणी केल्यावर आल्या. हात मांडीवर ठेवायचे कबूल केले. मॅडमनी "उजवीकडे घ्या" म्हटल्यावर अर्जदाराने घाईत डावे बटण दाबले. त्याच क्षणी म्हाळसाबाईंचा हात सवयीने उजवीकडे बाहेर गेला. मागून येणारा ट्रकचालक दिव्याकडे न पाहता हाताकडे पाहून थांबला. मॅडमनी विचारले, "आम्ही खरं कोणाचं धरायचं?" अर्जदार येथे लेखी कबूल करतो की हात बरोबर होता. दिवाही निर्दोष होता. चूक अर्जदाराच्या बोटाची आहे; शेऱ्याचा ठपका पत्नीवर अथवा श्री. अनिलकुमार यांच्या वायरिंगवर येऊ नये.

७. त्या दिवशी घरी आल्यावर म्हाळसाबाईंनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग म्हणाल्या, "तुमाला लई घाई हुती. सरका तिकडं, मी बघते." घरामागील खाजगी प्लॉटवर, फाटक लावून, त्या स्टिअरिंगवर बसल्या. जीप दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली ती त्यांनी आठ फेऱ्या होईपर्यंत थांबवली नाही. प्रत्येक वळणाला योग्य बटण, वळून झाल्यावर बटण बंद. अर्जदार उजव्या सीटवर बॅटरीच्या वर जीव मुठीत धरून बसला होता. त्याने तोवर आपल्या पत्नीला एवढे हसताना कधी पाहिलेले नव्हते. शेजारचे आण्णा कंपाउंडवरून म्हणाले, "वहिनी, बास की आता." म्हाळसाबाईंनी गिअर बदलला.

८. तरी विनंती की, (अ) सौ. म्हाळसाबाई शंकरप्पा हत्तुरे, वय ६६, यांना शिकाऊ लायसनच्या चाचणीस बसू द्यावे. (ब) त्यांना पक्के लायसन मिळाल्यावरच जीपची फेरतपासणी ठेवावी, तोवर जीप रस्त्यावर आणली जाणार नाही. (क) फेरतपासणीस चालक म्हणून त्याच बसतील. तारीख कोणतीही चालेल. फक्त सोमवार नसावा. सोमवारी त्यांचा उपवास असतो आणि उपाशीपोटी त्या ब्रेक लावायला राजी नसतात.

कळावे, आपल्या उत्तराची वाट पाहणारा व फाटकाची किल्ली लपवून ठेवलेला,

(सही)
शंकरप्पा मलकप्पा हत्तुरे
सोलापूर, दि. २४

सोबत : चारही दिवे लागलेल्या अवस्थेतील जीपचे फोटो, म्हाळसाबाईंच्या डोळ्यांचा डॉक्टरी दाखला (उत्तम), अर्जदाराच्या रक्तदाबाचा दाखला (आठ फेऱ्यांनंतरचा). ता.क. किल्ली म्हाळसाबाईंना सापडली आहे, अर्ज त्वरेने निकाली काढावा.