बागेत तार नको

२ डिसेंबर २००१, रविवार

झालं! सावळीरामकाकांनी शेवटी बोलून टाकलं. कॉलनीच्या बागेतली भाजी काढून झाली होती, वाटे घालायचे बाकी होते, आणि हे मध्येच उभे राहून म्हणतात — "बागेच्या पट्ट्या पाडू. मधून तार मारू. ज्याची त्याची पट्टी, ज्याची त्याची भाजी."

ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. बागेत सगळ्यांच्या आधी हजर. त्यांचं दुखणं कळतं मला — ते राबतात, आणि शेजारच्या मंगलाबाई फक्त रविवारी पिशवी घेऊन उगवतात. तरी पट्ट्या नाही म्हणजे नाही. जागा सगळ्या कॉलनीच्या नावावर आहे.

पुढच्या रविवारी मीटिंग.

४ डिसेंबर

सारखा माहेरचा, मखमलाबादचा मळा डोळ्यांपुढे येतोय. अण्णा गेले आणि गोरक्षदादाने मळ्यात मधोमध तार मारली. चांगली जमीन त्याच्याकडे, विहीर धाकट्या भावाकडे. दादाचं पाण्यावाचून वाळलं, धाकट्याचं खडकात उगवलंच नाही. त्या तारेवरून दादाशी माझं जे वाजलं, ते बोलणंच बंद झालं.

ती तार अडवता आली नाही. ही अडवणार.

७ डिसेंबर

घरोघरी फिरले. पाय मोडून आले.

नवसाबाई म्हणाल्या, "पोरी, माझ्याच्यानं वाकवत नाय. माझ्या पट्टीत गवतच माजंल बघ." त्यांना म्हटलं, बसून जुड्या बांधा, तेही कामच आहे. मंगलाबाईंना चिखल नको. "मोटर लावीन हवं तर. दुधासाठी उठतेच मी." चालेल. कामाला लागल्याशी मतलब.

९ डिसेंबर, रविवार

बागेतच सतरंज्या टाकून मीटिंग. काका म्हणाले, "मनीषा, तू मळ्यातली पोर. कष्ट काय असतात ते तुला माहीत. आणि फुकट्यांची बाजू घेतेस?"

लागलं मला ते. म्हटलं, फुकटं कुणीच राहणार नाही, प्रत्येक घराला पाळी लावू. पण तार मारायची असेल तर आधी मला इथून उचला. आवाज चढलाच माझा.

हात वर झाले. काकांच्या बाजूने जेमतेम दोन घरं. बाग अख्खी राहिली! काका चहा न घेताच उठून गेले.

१३ डिसेंबर

काका फिरकले नाहीत. मंगलाबाईंनी मोटर लावली आणि बंद करायला विसरल्या. कोथिंबिरीचं तळं झालंय.

१६ डिसेंबर, रविवार

काका आले. कोथिंबिरीतलं पाणी चर काढून वाटेला लावलं आणि मग ढीग लावायला बसले.

वाट्यांची ही रीत आमच्या मळ्यातली, मीच इथे आणलेली. एकाने सारखे ढीग लावायचे, घरटी एक. दुसऱ्याने पाठ करून उभं राहायचं. ढिगावर हात ठेवून पहिला विचारतो, पाठमोरा नाव घेतो. मग कुणाच्या ढिगात जास्त घालायची सोयच राहत नाही.

आज पाठमोरी मी.

"हा कुणाचा?" — नवसाबाईंचा.

"हा?" — मंगलाबाईंचा.

"हा कुणाचा?"

"गोरक्षदादाचा."

कसं आलं तोंडातून, देव जाणे. मळ्यात ढीग दादा लावायचा आणि मी पहिलं नाव त्याचंच घ्यायची. कॉलनीत गोरक्ष नावाचं कुणी नाही. मी वळले नाही, डोळे भरून आले होते.

काका म्हणाले, "असू दे. बाजूला ठेवतो. चल, पुढचं नाव घे."

शेवटी ढीग संपले आणि एक घर उरलं. माझं.

१७ डिसेंबर

काकांनी दादाच्या ढिगातली मेथी ओल्या फडक्यात बांधून दिली आहे. सुकायच्या आत मखमलाबादला पोचायला हवं. त्या तारेला फाटक ठेवलंय की नाही, तेही मला माहीत नाही.