हर्षालीने आधी जेवावं

मी हौशीराम विठू भोर, राहणार येडगाव, तालुका जुन्नर, एसटीचा निवृत्त चालक, हे मृत्युपत्र माझ्या आमराईत बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. धरणाच्या पाण्यावर धुकं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. डोकं मात्र स्वच्छ आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर मुलगा भरत यास. बँकेतली ठेव सून अलका हिला.

२. पाण्यालगतची ही आमराई माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती नात हर्षाली हिला, पूर्ण मालकी हक्काने. यावर भरत तावातावाने म्हणाला, "आबा, आमराई माझ्या नावावर करा. आजारी पोर हाय ती, तिला काय झेपणार न्हाई." हर्षालीला नवव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे, रोज इंजेक्शनं लागतात, हे खरं. पण ती आता अठरा पूर्ण आहे, आणि तिला काय झेपतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

३. दर हिवाळ्यात या आमराईत अशा मुलामुलींचं शिबिर भरतं. मोठं झाल्यावर आजार आपला आपण कसा सांभाळायचा, ते तिथं शिकवतात. इंजेक्शन स्वतः घ्यायचं, डॉक्टरांशी स्वतः बोलायचं. बाकांची एसटी करून मी पुढच्या बाकावर ड्रायव्हर होऊन बसतो आणि मुलं शेजारच्या अनोळखी प्रवाशाला सांगायचा सराव करतात, "मला थरथर सुटली तर खिशातली साखर द्या." आयांना मात्र होडीवाला चांद पलीकडच्या काठावर नेऊन सोडतो, तसा नियमच आहे. गेल्या वर्षी अलका होडीत बसून रडली. सकाळी विरळ धुक्यात सगळ्या आया पलीकडच्या काठावर उभ्या होत्या. अर्धवट झोपेत मला वाटलं, बाया पाण्यातूनच उगवल्यात. ज्याने स्वतः इंजेक्शन घेतलं, त्याने इकडून टॉवेल हलवायचा. हर्षालीने माझा पांढरा टॉवेल हलवला, फार वेळ हलवला. पलीकडून एक पदर हलला. मला इतका आनंद झाला की मी बाकावर बसून तोंडानेच हॉर्न वाजवला. तो टॉवेलही तिलाच.

शिबिर पुढे इथं भरवायचं की नाही, हे तिने ठरवावं. माझी इच्छा तिला माहीत आहे, सक्ती नाही.

४. शेजारच्या चिमावहिनींनी भर हळदीकुंकवात विचारलं होतं, "साखरेची पोर, कोण करील हिला?" त्यांना बांधावरच्या कडुलिंबाचा पाला, हवा तेवढा, कायमचा.

५. साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून चांदला नवं वल्हं कालच देऊन टाकलं. "मरायची घाई हाय का राव?" असं तो म्हणाला. घाई नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षालीने करावी.

७. मयत घरात असेपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही, ही आपली रीत. माझी बायको गेली तेव्हा हर्षाली इंजेक्शन घेऊन तशीच उपाशी बसली आणि अंगणात कोसळली. गर्दीत तिला कोणी विचारलं नाही, आणि तीही लाजेने बोलली नाही. म्हणून माझ्या वेळी तिने जेवणाच्या वेळेला माझ्या शेजारी बसून, सगळ्यांदेखत जेवावं. भरतने तिला एक भाकरी वाढावी. इंजेक्शन घेतलंस का, असं विचारू नये. तिचं जेवण होईपर्यंत मला उचलू नये. मी थांबेन.

वरील मजकूर हर्षालीला वाचून दाखवला. ती रडली, मग पेन मागू लागली. "एक न्हाई आबा, दीड. माझं माप मला ठाऊक हाय." तरी कलम सातमध्ये 'एक' ऐवजी 'दीड' वाचावं. दुरुस्ती मला मान्य आहे.

सही: हौशीराम विठू भोर
साक्षीदार: १. चांद इस्माईल इनामदार, होडीवाला
२. डॉ. श्रेया हांडे, शिबिराच्या डॉक्टर
स्थळ: आमराई, येडगाव
दिनांक: २ फेब्रुवारी २०२५