वधूच्या संमतीने

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

निखिलला इंग्लंडचं नागरिकत्व मिळालं तेव्हा वाटलं, आता सुनेचंही आपोआप होईल. कसलं आपोआप! तिकडे कायम राहण्यासाठी तिने वेगळा अर्ज करायचा, आणि तो नावावर अडकलाय. पासपोर्टवर स्वाती, लग्नाच्या दाखल्यावर मृण्मयी. मृण्मयी मी ठेवलेलं. शुक्रवारी तिचा व्हिसा संपतोय. त्याआधी दोन्ही नावांची बाई एकच, असं माझं प्रतिज्ञापत्र हवंय.

वकिलाने मसुदा पाठवला. 'वधूच्या संमतीने नाव बदलले.' संमतीने? लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "आई, माझंच नाव राहू द्या ना." मी निखिलच्या हातात अंगठी दिली आणि म्हटलं, "लिही तू."

दुपारी तिचा फोन आला. "आई, सही करून टाका ना."

"शपथेवर खोटं लिहू?"

"मग मला परत पाठवलं तर चालेल?"

संमतीने म्हणे! शेवटी वकिलालाच सांगितलं, तो शब्द काढा, 'सासूच्या आग्रहाने' घाला.

"काकू, स्वतःवर कशाला घेताय?"

"अर्जाला चालेल की नाही, तेवढं सांगा."

चालेल म्हणाला. उद्या दहाला नोटरी.

सुनेला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "आग्रह तुमचा होता, हे तेव्हा म्हणायला हवं होतं, आई."

"हो," म्हटलं, आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग विचारून घेतलं.